चालायचे, पण जायचे कुठे?

दवाखान्यात दिवसातून निदान वीस वेळा मी एक वाक्य बोलतो : "रोज अर्धा तास चाला." रक्तदाबाच्या पेशंटला सांगतो, मधुमेहींना सांगतो, गुडघे दुखतात म्हणणाऱ्या काकूंना सांगतो, झोपेची गोळी मागायला आलेल्यांनाही सांगतो. समोरचा माणूस मान डोलावतो, चिठ्ठीची घडी करून खिशात घालतो आणि घरी जाऊन टीव्हीसमोर बसतो. पुढच्या महिन्यात वजन एक किलोने वाढलेले असते. मला राग येतो, पण तो टिकत नाही. कारण खरे सांगायचे तर पन्नाशी उलटेपर्यंत मी स्वतःही कधी नेमाने चाललो नव्हतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एका पेशंटने मला याबद्दल चांगलेच सुनावले. हे गृहस्थ सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. उभा जन्म कीर्द-खतावणीत गेला. काम सोडून कृष्णाकाठच्या आपल्या गावी आले आणि वर्षाच्या आत पत्नी गेली. मुलगा पुण्याला. उपाशीपोटी साखर २२० च्या पुढे, रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. मी नेहमीचे वाक्य बोललो. ते म्हणाले, "डॉक्टर, चालायला माझी ना नाही. पण चालून जायचं कुठं? कुठं पोचायचं असलं म्हणजे माणूस चालतो. पेढीवर जायचं होतं तवा रोज चालतच होतो की!"

मला उत्तर सुचेना. टेबलाच्या खणात माझ्या मुलाची जुनी दुर्बीण पडली होती. ती त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "काका, आठ दिवस रोज सकाळी नदीवर जा. किती जातीचे पक्षी दिसतात ते लिहून आणा. मला हिशोब पाहिजे."

हिशोब म्हटल्यावर त्यांचे डोळे जरा उघडले. आठ दिवसांनी आले ते अकरा नावांची यादी घेऊन. त्यात 'बगळा', 'दुसरा बगळा' आणि 'काळ्या पायाचा, पिवळ्या बोटांचा बगळा' अशा तीन नोंदी होत्या. तिसरी नोंद वाचून मी चकित झालो. लहान बगळ्याची खूण नेमकी हीच आहे, आणि ती त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय टिपली होती.

वाचकहो, आजचा लेख या निमित्ताने. नुकताच पक्षी सप्ताह होऊन गेला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी आपल्यातून गेले. पक्ष्यांची मराठी नावे हुडकून ती पुस्तकांत आणण्याचे त्यांचे काम फार मोठे आहे. हिवाळी पाहुणे आता आपल्याकडे उतरू लागले आहेत. तेव्हा सातारा-सांगलीच्या वाचकांनी दुर्बीण घेऊन कुठे जावे आणि तब्येतीच्या दृष्टीने काय सांभाळावे, हे सांगतो.

घराजवळून सुरुवात

पहिल्याच दिवशी चांदोलीला जाऊन धनेश बघायचा हट्ट धरू नका. सांगलीकरांना हरिपूरचा संगम आहे, कऱ्हाडकरांना प्रीतिसंगम, साताऱ्याच्या लोकांना अजिंक्यतारा. या तिन्ही ठिकाणी सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. एकट्या वयस्कर माणसाला ती सोबतच होते. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. काठावरच्या झाडांत दयाळ, तांबट, हळद्या, आणि पाण्यावर खंड्या, पाणकावळे, टिटव्या. थंडीत धोबी पक्षी शेपटी खालीवर करत वाळूवरून पळताना दिसतो. तो हजारो मैलांवरून आला आहे हे त्याच्या चालीवरून कुणाला वाटायचे नाही.

मात्र कृष्णाकाठच्या वाचकांना एक ताकीद. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. पक्षी बघायला पाण्याच्या अगदी कडेला उतरू नका, बगळ्याच्या नादात गुडघाभर पाण्यात तर मुळीच नको. घाटाच्या वरच्या पायरीवरूनही सगळे दिसते.

प्रीतिसंगमाची जागा सपाट आहे. गुडघ्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी तिथूनच सुरुवात करावी. अजिंक्यताऱ्याचा चढ मात्र छातीत दुखणाऱ्याने, किंवा दोन जिने चढून दम लागणाऱ्याने आधी तपासणी केल्याशिवाय चढू नये.

मिरजेहून पंढरपूर रस्त्याला लागले की भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे. मिरज पूर्व भागाच्या उघड्या माळात हे जंगल म्हणजे बेटच. डोंगर पोखरून केलेले देऊळ बघायला लोक जातात, पण वाटेवरच्या झाडीत थांबत नाहीत. तिथे तासभर शांत बसून पाहा. मोर, सातभाई, नाचण, बुलबुल, शिंपी, कोतवाल. नावे ओळखीची आहेत, आपण बघितलेले मात्र थोडेच असतात.

माझ्या स्वतःच्या कानांचा दोष मला याच डोंगरावर कळला. बरोबर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. झाडावरच्या बांडगुळाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, फुलटोच्या ओरडतोय." अंगठ्याएवढा पक्षी, त्याचा आवाज चिक्-चिक् असा फार बारीक आणि उंच पट्टीतला. मला काहीच ऐकू येईना. मुलाला वाटले मी चेष्टा करतोय. पुढच्या आठवड्यात श्रवण-तपासणी करून घेतली, तर चार हजार हर्ट्झच्या वरचे आवाज मला कमी ऐकू येत असल्याचे निघाले. वयाबरोबर ऐकू कमी येते ते असेच, आधी उंच पट्टी जाते. म्हणून माणसाला ढोल ऐकू येतो, भजन ऐकू येते, पण नातवंड काय म्हणाले ते कळत नाही, कारण स, श, फ ही अक्षरे त्याच पट्टीत असतात. मग आपण म्हणतो, "हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात." पोरे नीटच बोलत असतात. बरोबरच्या तरुणाला ऐकू येणारा पक्षी तुम्हाला ऐकू येत नसेल, तर कान तपासून घ्या.

सागरेश्वर आणि मायणी

रविवारचा दिवस मोकळा असेल तर सागरेश्वरला जा. ताकारी स्टेशनपासून जवळ, यशवंतरावांच्या देवराष्ट्र्याच्या शेजारी. सध्या जे जंगल दिसते ते माणसांनी उभे केलेले आहे, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. हे डोंगर उघडेबोडके होते. मोहित्यांचे वडगावच्या वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली, राखली, लोकांच्या आणि सरकारच्या मागे लागले. १९८५ साली ते अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण त्यात सांबर, चितळ, काळवीट आहेत आणि मोर तर इतके की त्यांच्या ओरडण्याने सकाळ दणाणून जाते. उजाड माळावर झाडे आली की पक्षी आपण होऊन येतात, बोलवावे लागत नाही. नीळकंठ, वेडा राघू, तांबट, भारद्वाज इथे निवांत पाहता येतात. चढ आहेत, पण बेताचे. पाणी बरोबर न्या.

मायणीबद्दल लिहिताना मात्र हात थोडा अडखळतो. खटाव तालुक्यातला हा ब्रिटिश काळातला तलाव, चांद नदीवरचा. आमच्या विद्यार्थीदशेत मायणी म्हणजे रोहित पक्षी, असे समीकरण होते. कोणी अग्निपंख म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुले फ्लेमिंगो म्हणतात. उंच पाय, वाकडी चोच, उडाला की पंखाखाली गुलाल. मी पहिल्यांदा पाहिले ते वडिलांच्या सायकलवर पुढच्या नळीवर बसून जाऊन, आणि दुर्बीण नसल्यामुळे मला दिसली ती फक्त पाण्यावरची एक गुलाबी रेघ. ती रेघ अजून आठवते.

पुढे तलाव गाळाने भरत गेला, काही वर्षे कोरडा पडला, काही वर्षे तुडुंब भरला. रोहित पक्ष्याची अडचण अशी की त्याला पाणी पाहिजे, पण उथळ. तो मान उलटी करून चोच चिखलात फिरवतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव गाळून खातो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. तलाव आटला तर तो येत नाही आणि काठोकाठ भरला तरी पाय टेकायला जागा नाही म्हणून निघून जातो. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी 'यंदा पक्षी का नाहीत?' अशी ओरड होते. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत थांबावे, किंवा जवळच्या येरळवाडीला, सूर्याचीवाडीला चक्कर मारावी. मायणी आणि आजूबाजूचे हे तलाव मिळून २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. कागदावर झाले हे उत्तम. गाळाचे आणि काठावरच्या वेड्या बाभळीचे काय ते पाहायचे.

रोहित नसला तरी हात हलवत परतावे लागत नाही. थंडीत या तलावांवर बदकांचे थवे असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. काळा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, शेकड्यांनी एकत्र चालणारा एक पाणपक्षी दिसेल, त्याला आपल्या लोकांनी नाव दिले आहे वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले बदक हळदी-कुंकू. नावे ठेवणाऱ्याचे डोळे किती चांगले असतील! ही नावे मुलांना शिकवा, ती एकदा ऐकली की विसरत नाहीत.

सह्याद्रीतल्या जागांबद्दल थोडक्यात. कासला लोक २०१२ च्या जागतिक वारसा यादीनंतर फुलांसाठी झुंबड करतात. पक्षी बघायला फुलांचा हंगाम सरल्यावर जावे, पठारावर चंडोल गातात आणि मोटारींचे भोंगे नसतात. महाबळेश्वरच्या ओढ्याकाठी पहाटे कुणी माणूस अर्धवट आठवणारी चाल शिट्टीवर वाजवतो आहे असे वाटले तर तो शीळकरी कस्तूर समजावा. कोयना आणि चांदोली हे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्या घेऊनच जावे. धनेश बघायचा तर तिथेच, पण ही सहल धडधाकट माणसाची.

औषध म्हणून काय उपयोग?

आता माझ्या अधिकाराच्या विषयाकडे येतो. पक्षी बघून रोग बरा होतो असे मी म्हणणार नाही. कुणी म्हटले तर विश्वास ठेवू नका आणि गोळ्या बंद करू नका. पण काही गोष्टी तपासलेल्या आहेत. १९८४ साली अमेरिकेतल्या रॉजर उलरिच या संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. खिडकीतून झाडे दिसणारे २३ आणि विटांची भिंत दिसणारे २३. झाडे दिसणाऱ्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. सुमारे तेराशे लोकांच्या मोबाईलवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवून घेतलेल्या नोंदींचा अभ्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ साली प्रसिद्ध केला. पक्षी दिसले किंवा ऐकू आले की मनाची स्थिती सुधारलेली आढळली, आणि तो परिणाम काही तास टिकला. नैराश्याच्या रुग्णांतही तसेच दिसले. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर तर २०१८ पासून डॉक्टर चिठ्ठीवर निसर्गात फिरणे लिहून देतात.

यात चमत्कार काही नाही. माणूस चालतो, उन्हात येतो, लांब बघतो. मोबाईल आणि टीव्हीने जवळ खिळलेली नजर मोकळी होते. झाडात हलणारे पान वारा आहे की पक्षी हे पाहताना मनातली जुनी उगाळणी थोडा वेळ थांबते. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पक्षी बघणारा मधे मधे थांबतो, त्यामुळे ती दीडशे मिनिटे काटेकोर भरत नाहीत हे खरे. म्हणून मी सांगतो, जाताना भरभर चाला, येताना पक्षी बघा.

आता सांभाळायच्या गोष्टी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पहाटे बाहेर पडू नये. माझा एक पेशंट दंडोबावर घाम फुटून, हातपाय थरथरून बसला होता. बरोबरच्यांना हृदयविकार वाटला, निघाली साखर उतरलेली. खिशात खडीसाखर किंवा चार बिस्किटे असावीतच. पायात बंद बूट, मोजे, आणि घरी आल्यावर तळपाय बघणे. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहीला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही, मग पू होऊन तो माझ्याकडे येतो. हृदयरोगी आणि दमेकरी मंडळींनी कडाक्याच्या थंडीत उजाडायच्या आधी जाऊ नये. ऊन आल्यावर गेलात तरी नऊ वाजेपर्यंत पक्षी भरपूर असतात. मानेचे मणके झिजलेल्यांनी वडाच्या शेंड्याकडे मान टाकून दहा दहा मिनिटे बघू नये, चक्कर येते. थोडे लांब उभे राहून बघावे, किंवा सरळ झोपावे, लोक हसले तर हसू द्यावेत.

गवतातून फिरून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते बघून अंघोळ करावी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. स्क्रब टायफस हा बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. सह्याद्रीच्या पलीकडे सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण निघाले, तो गोचिडीमार्फतच पसरतो. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. राज्यात २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या, तेव्हापासून पेशंट विचारतात म्हणून सांगतो : लांबून पक्षी बघण्यात तो धोका नाही.

धोका घराच्या गच्चीवर आहे. पारव्यांना दाणे टाकून त्यांची विष्ठा रोज झाडणाऱ्या काही जणांना फुप्फुसाची सूज येते. कोरडा खोकला, चालताना दम, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला त्याचे कारण हेच. पुण्य करायचे तर अंगणात जांभूळ, उंबर लावा, पक्षी आपले खाणे आपण शोधतात.

दुर्बीण घ्यायची तर ८×४२ किंवा तिच्या आसपासची घ्यावी. आठ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारापट, वीसपट यांच्या मोहात पडू नये. आपल्या वयात हात थरथरतो आणि चित्रही थरथरते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, नातवंडांनाही बघू देऊ नका, डोळ्याचा पडदा कायमचा जळतो. आणि दोन्ही डोळ्यांनी नीट जुळवूनही एका बाजूने धुरकट दिसत असेल तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

हे शेवटचे वाक्य दिवाणजी काकांमुळे लिहिले. त्यांचा हिशोब आता तिसऱ्या वहीत आहे. रोजची कीर्द वेगळी आणि प्रत्येक पक्ष्याचे खाते वेगळे : तारीख, ठिकाण, नग. 'नग' हा त्यांचाच शब्द. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊवरून साडेसातवर आली आहे. गोळ्या चालूच आहेत. झोप लागते, रोज लागतेच असे नाही. पत्नीची आठवण निघाली की अजून डोळे भरतात आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण संध्याकाळी पारावर दोन शाळकरी पोरे त्यांची वही बघायला येतात.

परवा वही घेऊन आले. एकशे चार खाती झाली आहेत. रोहित पक्ष्याचे पान त्यांनी आधीच आखून ठेवले आहे, वर ठसठशीत अक्षरात नाव, खाली कोरे. "पाणी उतरलं की जानेवारीत येरळवाडीला जायचं म्हणतो, डॉक्टर. पण तुमची ही दुर्बीण उजवीकडनं धुरकट झालीय, जरा दुरुस्त करून द्या." मी दुर्बीण डोळ्याला लावली. काच स्वच्छ होती. बॅटरी घेऊन त्यांचा उजवा डोळा बघितला, बुबुळामागे मोतीबिंदू पांढरा दिसत होता. डाव्यातही सुरू झाला आहे. साखर आता आटोक्यात असल्यामुळे शस्त्रक्रियेला अडचण नाही. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांना चिठ्ठी दिली आहे, पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. डिसेंबरअखेर नवा चष्मा येईल.